हातोहात फिरलेला वेताळ

(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मेळाव्यात कोण कशावर बोलणार, असं ग्रुपवर विचारलं तेव्हा मी लिहिलं, "वेताळावर." लगेच तीन उत्तरं आली. एकानं विचारलं, "विक्रमाच्या खांद्यावरचा का?" एकीनं विचारलं, "आमच्या गावच्या शिवेवरचा?" आणि तिसऱ्यानं काहीच न विचारता नुसती कवटी पाठवली. तिसऱ्याला बरोबर समजलं होतं. मी इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाबद्दल बोलणार आहे. पण पहिल्या दोघांचंही चुकलं नव्हतं, कारण लहानपणी आपल्या डोक्यात हे तिन्ही वेताळ एकत्रच राहत होते.

एक वेताळ म्हणजे शेंदूर फासलेला दगड. रात्री आपल्या गणांना घेऊन फिरतो म्हणून तिन्हीसांजेनंतर तिकडे जायचं नाही, असं आजी सांगायची. गावाची राखणही तोच करतो, हेही तीच सांगायची. दुसरा चांदोबातला, झाडाला उलटा लटकणारा, गोष्ट सांगून प्रश्न विचारणारा. १९८५ मध्ये तो दूरदर्शनवरही आला. आणि तिसरा हा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, कमरेला दोन पिस्तुलं, पांढरा घोडा आणि सोबत लांडगा. इंग्रजीत तो फँटम. ज्या कुणी त्याचं मराठीत 'वेताळ' केलं, त्यांनी नुसतं भाषांतर केलं नाही, त्याला आपल्या गावात आणून बसवलं. भीतीही वाटावी आणि आधारही वाटावा असं दुसरं नाव मराठीत शोधून सापडणार नाही. परदेशी माणसाचं काहीतरी वाचतोय असं म्हणूनच आपल्याला कधी वाटलं नाही.

थोडी माहिती सांगते, कारण आपल्यातल्या अनेकांनी गोष्टी वाचल्या, पण त्या आल्या कुठून हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ली फॉक या अमेरिकी लेखकानं फँटम ही चित्रमालिका वर्तमानपत्रासाठी सुरू केली ती १७ फेब्रुवारी १९३६ ला. सुपरमॅन आला १९३८ मध्ये. म्हणजे घट्ट पोशाख आणि मुखवटा ही वेशभूषा फँटमनं दोन वर्षं आधीच घातली होती. त्याला उडता येत नाही, डोळ्यांतून किरण निघत नाहीत. त्याच्याकडे एकच मोठी शक्ती आहे, तो कधी मरत नाही असा लोकांचा समज. खरी गोष्ट अशी की १५३६ मध्ये समुद्री चाच्यांनी बापाला मारल्यावर मुलानं शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापानंतर मुलगा तोच पोशाख घालत आला. आपण वाचत होतो तो एकविसावा.

टाइम्स ऑफ इंडियाच्या, म्हणजे बेनेट कोलमन कंपनीच्या इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च १९६४ चा. किंमत ६० पैसे. पहिले ३२ अंक सगळे वेताळाचेच होते. जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी नंतर आली. आपल्याकडच्या संपादकांनी एक बदल केला होता. मूळ गोष्टीतल्या देशाचं नाव 'बंगाला' आपल्या बंगालसारखं वाटतं म्हणून त्यांनी ते 'डेंकाली' केलं. चाच्यांच्या टोळीच्या नावातला 'सिंग' बदलून 'सिंगा' केला. आपण भूगोलाच्या नकाशात डेंकाली शोधायचो, ती का सापडत नव्हती हे आता कळलं असेल. सर, तेव्हा तुम्हालाही सांगता आलं नव्हतं, आठवतंय का?

आता आपल्या शिरूरकडे येते. शिरूरला रेल्वे नाही. जे काही यायचं ते पुणे–नगर रस्त्यानं, एसटीच्या टपावरून. स्टँडवरच्या स्टॉलवर मराठी अंक कधी यायचे, कधी नाही, आणि आपण पाचवीत येईपर्यंत ते मिळेनासेच झाले होते. पण माझे मामा दौंडला रेल्वेत होते. सुट्टी लागली की आई मला घेऊन न्हावरे, चौफुला करत दौंडला जायची, आणि तिथे माझी चैन असायची.

दौंड जंक्शनची एक गंमत तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. त्या काळी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. गाडी बराच वेळ थांबायची. लोक खाली उतरायचे, चहा प्यायचे, स्टॉलवर पोरांसाठी एखादं पुस्तक घ्यायचे. आणि वाचून झालेलं पुस्तक डब्यातच ठेवून जायचे. गाडी धुवायला गेली की त्यातलं काहीबाही मामांच्या हाती यायचं. त्यामुळे मामांच्या क्वार्टरमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी अशी सगळी इंद्रजाल एकत्र असायची. शेजारी अँग्लो-इंडियन कुटुंब राहायचं, त्यांची मुलं इंग्रजी अंक वाचून मामांकडे द्यायची आणि हिंदी घेऊन जायची. माझं इंग्रजी शाळेत पाचवीला सुरू झालं खरं, पण ज्याची गोष्ट आधीच मराठीत माहीत आहे तो इंग्रजी अंक समोर धरून मी जे शिकले, त्याचा उपयोग पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला झाला.

सुट्टीवरून येताना मी दहा-बारा अंक आणायचे आणि मग आपल्या वर्गाचा बाजार भरायचा. त्याचे दर तुम्हाला आठवत असतील. कव्हर असलेला एक म्हणजे कव्हर नसलेले दोन. मँड्रेकपेक्षा वेताळ महाग. शेवटचं पान फाटलेलं असेल तर देणाऱ्यानं शेवट तोंडी सांगायचा, हा नियम होता. आणि ज्यांच्याकडे द्यायला एकही अंक नव्हता, त्यांनी मधल्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवायचं, त्याबदल्यात त्यांना अंक एक रात्र घरी न्यायला मिळायचा. हा नियम कुणी केला ते मला आठवत नाही, पण तो ज्यानं केला तो आपल्यातला सगळ्यात शहाणा होता. वाचून दाखवणारा आपला एक मित्र आज न्यायालयात वकिली करतो, आणि त्याचा आवाज तेव्हाही असाच चढा होता.

अंक जप्त व्हायचे हेही सांगायला हवं. मराठीच्या बाईंनी एकदा सहा अंक एकदम उचलले. आपल्याला वाटलं, गेले. शनिवारी बाईंनी ते टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "ज्याचं त्यानं न्यावं. पण आधी त्यातली गोष्ट पानभर स्वतःच्या शब्दांत लिहून आणा." निबंधाला 'माझा आवडता पक्षी'च्या चार ओळींपलीकडे न जाणाऱ्या मुलांनी त्या दिवशी दोन-दोन पानं लिहिली. बाई, तुम्ही शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दाखवल्या होत्या, पण गोष्टीला एका शब्दानं नाव ठेवलं नव्हतं. आज तुमच्यासमोर हे बोलायला मिळतंय, याचा आनंद मोठा आहे.

आपली सहावीची परीक्षा संपत होती तेव्हा, एप्रिल १९९० मध्ये, इंद्रजाल कॉमिक्स बंद झालं. २६ वर्षांत ८०३ अंक निघाले होते. पण आपल्या वर्गात ते बंद झाल्याची बातमीच कुणाला कळली नाही. जूनमध्ये शाळा भरली, बाजारही भरला. नवा अंक येत नव्हता, म्हणून जुनेच पुन्हा पुन्हा फिरत राहिले, दहावीपर्यंत. हे मला अलीकडे लक्षात आलं, आणि तेच सांगायला मी आज उभी आहे. आपण त्या वेताळाचे शेवटचे वाचक होतो, आणि दुकानातून घेऊन वाचणारे कमी, एकमेकांच्या हातून घेऊन वाचणारे जास्त. आपल्या वर्गात तो टिकला तो आपण हातोहात फिरवला म्हणून.

अंकांबरोबर आणखी काय काय होतं ते आठवा. फँटमचं चित्र असलेली ती गोड सिगारेट, नागपूरला तयार व्हायची ती, टोकाला लाल रंग लावलेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर थंडीत तोंडातून वाफ यायची तेव्हा ती ओठात धरून ऐटीत फिरणारे वीर इथे बसलेत. आज तशी गोळी कुणी मुलांना देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. जत्रेत मिळणारी कवटीची अंगठी होती. वेताळाच्या दोन अंगठ्या असतात, उजव्या हातातल्या अंगठीनं गुंडांच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते, डाव्या हातातली खूण ज्याला मिळेल त्याला वेताळाचं संरक्षण. आपण ब्लेडनं खोडरबर कोरून दोन्ही शिक्के केले होते. चांगला शिक्का कुणाच्या मनगटावर मारायचा यावरून जी भांडणं झाली, त्यातली दोन अजून मिटलेली नाहीत असं काल रात्री जेवताना दिसलं.

मामा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडलं, तेव्हा त्यांची एक पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. त्यात १४० अंक होते. सॉफ्टवेअरवाली असल्यामुळे मी पहिलं काम केलं ते यादीचं. अंक क्रमांक, भाषा, गोष्टीचं नाव, कव्हर आहे की नाही, पानं पूर्ण आहेत की नाही. यादी करताना इंद्रजालचे १२३ आणि १२४ हे अंक शोधणाऱ्या नव्या लोकांची मला गंमत वाटते. ते कुणालाच सापडत नाहीत, कारण संपामुळे ते निघालेच नव्हते. आमच्या भाषेत सांगायचं तर ती नोंद हरवलेली नाही, मुळात नव्हतीच. पुढे तर सलग क्रमांक सोडून वर्ष आणि अंक अशी पद्धत आली, त्यामुळे यादी जुळवणं हाच एक खेळ होतो.

पण माझ्या यादीत एक रकाना असा आहे जो इतर संग्राहकांच्या यादीत सहसा नसतो. 'अंकावर काय लिहिलंय.' बाजारात कोरा अंक महाग, नाव लिहिलेला स्वस्त. मला उलट वाटतं. माझ्याकडच्या एका मराठी अंकावर पेन्सिलीनं पाच नावं आहेत, चार खोडलेली आणि पाचवं तसंच. एकावर वाचनालयाचा शिक्का आणि 'पाने मोजून घ्यावीत' अशी सूचना आहे. एकाच्या मागच्या पानावर दळणाचा हिशोब आहे, ज्वारी पाच किलो, बाजरी तीन. एकावर तुमच्या-माझ्या हस्ताक्षरात फुलीगोळ्याचा डाव आहे. तो आपल्या वर्गातून दौंडला परत कसा गेला, देव जाणे. या खुणा पाहिल्या की एक अंक किती जणांनी वाचला ते समजतं. कंपनीच्या खपाच्या आकड्यात हे कधीच आलं नसेल.

आज या अंकांना भाव आला आहे. एका जुन्या मराठी अंकासाठी मला विक्रेत्यानं दीड हजार रुपये सांगितले. माझी त्याला हरकत नाही. रद्दीत जाण्यापेक्षा विकलेलं बरं. पण भाव आला की अंक प्लास्टिकच्या पिशवीत जातो आणि तिथून बाहेर येत नाही. ऑस्ट्रेलियात फ्र्यू नावाची कंपनी १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये 'फांटोमेन' हे नियतकालिक १९५० पासून फँटम छापतंय, आजही. तिथल्या माणसाला जुना अंक जपून ठेवणं परवडतं, कारण मुलाला नवा आणून देता येतो. आपल्याकडे मराठी वेताळ वाचायचा तर तो जुन्याच अंकात आहे. तो पिशवीत बंद झाला की त्याचं वाचणं संपलं.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिनं ट्रंकेतले दहा-पंधरा अंक सलग वाचले आणि मला विचारलं, "आई, जंगल त्यांचं, तर मग कवटीच्या सिंहासनावर हाच का बसतो?" मी तिच्या वयाची असताना हा प्रश्न मला पडला नव्हता. बाहेरून आलेला एक गोरा माणूस पिढ्यान्‌पिढ्या जंगलातल्या लोकांना न्याय देतो आणि ते त्याला देव मानतात, ही त्या गोष्टीची मूळ चौकट आहे. १९३६ मध्ये ती लिहिणाऱ्याला खटकली नाही, १९८८ मध्ये आपल्याला खटकली नाही, हिला खटकली. मला ते आवडलं. मी तिला बहादूरचे अंक दिले. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये आणलेला हा आपल्याच मातीतला नायक, कुर्ता आणि जीन्स घालणारा. तो एकटा न्याय देत बसत नाही. गावातल्या लोकांना घेऊन नागरिकांचं सुरक्षा दल उभं करतो. त्याची चित्रं आणि इंद्रजालची अनेक देखणी मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणिया यांच्या हातची. दोन्ही वाचल्यावर मुलगी म्हणाली, "बहादूर बरोबर आहे, पण घोडा वेताळाचाच भारी." याहून चांगलं परीक्षण मला जमलं नसतं.

मुलींसाठी आणखी एक सांगते. मैदानावर वेताळ खेळताना आपल्याला नेहमी डायना व्हायला लावायचे. डायना ही काही नुसती वाट बघणारी नव्हती, ती संयुक्त राष्ट्रांत नोकरी करायची. शिरूरच्या मुलीला नोकरीसाठी देशोदेशी जाणारी बाई चित्रात तरी तिथे पहिल्यांदा दिसली. आणि कॉलेजात गेल्यावर मला कळलं की सतराव्या वेताळाची बहीण ज्युली, हिनं भावाच्या जागी तो पोशाख घालून काम केलं होतं. हे सातवीत माहीत असतं, तर काही मुलांचं मैदानावर काही खरं नव्हतं.

आता मुद्द्याचं. आपल्या शाळेला मी माझ्याकडचे मराठी अंक देणार आहे. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, ग्रंथालयात एक कपाट मिळेल. माझी एकच अट आहे, अंक मुलांना वाचायला मिळाले पाहिजेत. कपाटात बसून वाचावेत, फार जुने असतील ते शिक्षकांसमोर वाचावेत, पण वाचावेत. आणि माझ्या मुलीसारखे प्रश्न विचारावेत. जमलं तर बाईंची अटही चालू ठेवावी, पानभर स्वतःच्या शब्दांत.

तुम्हाला विनंती अशी. शिरूरमध्ये, दौंडमध्ये आणि आसपासच्या गावांत सध्या जुनी घरं पाडून नवी बांधणं जोरात चालू आहे. घर उतरवताना माळ्यावरची रद्दी पहिल्यांदा जाते. त्याआधी एकदा माळ्यावर चढा. ट्रंक, पेटी, धान्याच्या कणगीमागचं गाठोडं, सगळं बघा. इंद्रजाल सापडलं तर एवढं करा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांनी पान तपकिरी करतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. मधल्या पिना गंजल्या असतील तर हलक्या हातानं काढून तिथे सुती दोरा घाला. कसर लागली असेल तर तो अंक बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. नाव, शिक्का, हिशोब, जे लिहिलं असेल ते पुसू नका. मुखपृष्ठाचा आणि लिहिलेल्या पानाचा फोटो मला पाठवा, मी यादीत घालते. अख्खा अंक स्कॅन करून सगळीकडे वाटण्याचं काम आपलं नाही, त्याचे हक्क मूळ मालकांकडे आहेत. पण कुठला अंक कुठे आहे, याची नोंद ठेवण्यावर कुणाची बंदी नाही. आणि ज्यांना द्यावासा वाटेल त्यांनी शाळेला द्यावा. ठेवावासा वाटेल त्यांनी ठेवावा, पण घरातल्या पोरांच्या हाताला लागेल असा ठेवावा.

मामा गेल्या वर्षी गेले. डब्यात टाकून दिलेली पुस्तकं त्यांनी पुन्हा वाचणाऱ्यांच्या हाती दिली, आणि तेही त्याबद्दल कधी काही न बोलता. कपाटावर त्यांचं नाव घालावं असं कुणी सुचवलं, मी नको म्हटलं. त्यांना ते आवडलं नसतं. त्याऐवजी कपाटाच्या दारावर आतून एक कोरा कागद चिकटवणार आहे. जो मुलगा किंवा जी मुलगी अंक वाचेल, त्यांनी त्यावर आपलं नाव लिहायचं.

 मागच्या टेबलावर मी वीस अंक ठेवलेत. जेवणाच्या सुट्टीत चाळा. दर जुनेच आहेत, कव्हर असलेल्या एकाला कव्हर नसलेले दोन.